आजाराला आवतन

आमच्या घरात काहीच संपत नाही. मीठ संपत नाही, तांदूळ संपत नाहीत, आणि कुंकू तर नाहीच नाही. ते सगळं 'वाढतं'. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. औरंगपुऱ्यात आमचं ब्लाउजपीस विकायचं आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं लहानसं दुकान आहे. ते संध्याकाळी आम्ही बंद करत नाही, वाढवतो. घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं, की सासूबाई त्याला दारातून परत बोलावणार, घोटभर पाणी पाजणार, 'येतो' म्हणायला लावणार आणि मगच सोडणार. एकदा त्यांनी गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालाही असं परत बोलावलं होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडे तशीच रीत आहे. पण माझं माहेर पडलं जालन्याचं आणि वडील तिथल्या मोंढ्यात, धान्यबाजारात, दिवाणजी. तिथं संपलं ते संपलं आणि फुटलं ते फुटलं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आत्या, तेल संपलं!" आत्यांनी कानावर हात ठेवले आणि मामा बाहेरून म्हणाले, "शुभ बोल रे नाऱ्या!" माझ्या मुलीचं कॉलेज सुरू झालं तरी मी तोंड उघडलं की मामा आधी तेच म्हणतात.

आजाराच्या बाबतीत तर आत्यांचं सोवळं फारच कडक. आजाराचं नाव घ्यायचंच नाही. त्यांना स्वतःला कित्येक वर्षं बीपी आहे, पण तो शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. सकाळची गोळी म्हणजे 'ती पांढरी'. मामांची साखर म्हणजे 'तुमचं ते'. शेजारच्या काकूंना झालेला कॅन्सर म्हणजे 'ते मोठं'. माझी मुलगी लहान असताना तिला ताप आला, की आत्या म्हणायच्या, "अंग जरा कोमट लागायलंय." एवढं म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसायच्या. पोरीजवळ फिरकायच्या नाहीत. मला त्याचा भारी राग यायचा. नात फणफणलीय आणि आजीला पातेल्यांची पडलीय! नवऱ्याला मी म्हणायची, तुझ्या आईला माया जरा बेतानंच दिलीय देवानं.

तर अशा घरात मी आरोग्य विम्याचा विषय काढला.

मामा वाळूजला एका कारखान्यात फिटर होते. जन्मभर पहाटेच्या अंधारात शिफ्टची बस धरली. कंपनीत होते तोवर त्यांच्या खिशात एक कार्ड असायचं. घरात कुणी आजारी पडलं की ते दाखवायचं, आणि काम व्हायचं. निवृत्त झाले तसं कार्डही गेलं. आमचं दुकान पडलं आमचंच. आजारी पडलो तर आम्हाला सुट्टी देणारा मालक नाही आणि दवाखान्याचं बघणारी कंपनी नाही. हे मला आतून खुपायचं, कारण माझ्या लग्नात माझ्या आईच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. तिच्या पाटल्या वडिलांच्या आजारपणात गेल्या होत्या. मांडवात आलेल्या बायकांच्या नजरा तिच्या हाताकडे जात होत्या, आणि ती पदराआड हात घेऊन अक्षता वाटत होती. ते मला आजही दिसतं.

पण विमा म्हटलं की माणसं कशी बिथरतात, ते मी तेव्हा पाहिलं. माझा नवरा तसा शहाणा माणूस. तो म्हणाला, "कंपन्या घ्यायच्या वेळी गोड बोलतात आणि द्यायच्या वेळी हात वर करतात." शेजारचा चपलांचा दुकानदार म्हणाला, "वहिनी, वर्षभर काही झालं नाही तर पैसे पाण्यातच की." मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही शटरला कुलूप लावता. चोर आला नाही म्हणून कुलपाचे पैसे पाण्यात गेले का?" तो हसला, पण त्यानं विमा काही काढला नाही. गिऱ्हाइकं म्हणाली, त्यात बारीक अक्षरात बक्कळ अटी असतात. ते मात्र खरं होतं. मी चष्मा लावून ती बारीक अक्षरं वाचली. काही समजली, काही नाही. जी समजली नाहीत ती विचारून घेतली.

आत्यांचं म्हणणं सगळ्यांहून वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "आजाराला आवतन कामून द्यायचं? आपण आपलं गप बसलाव तर त्याला आपलं घरबी ठावं नाय. तू कागद करून पत्ता द्यायलीस."

आवतन म्हणजे जेवायचं आमंत्रण. म्हणजे मी आजाराला पाट मांडून, ताट वाढून, या म्हणत होते.

आमच्याच गल्लीत एक बाई विम्याचं काम करायच्या. आधी शिकवण्या घेत, म्हणून सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या घरी आल्या, पंख्याखाली बसल्या आणि चहाचा पहिला घोट घेऊन मामांना म्हणाल्या, "काका, देव न करो, पण उद्या तुम्हाला काही झालं तर—" आत्या उठल्या आणि त्यांच्या हातातला अर्धा भरलेला कप घेऊन आत गेल्या. मॅडम रिकाम्या हातानं माझ्याकडे बघत राहिल्या. मला हसू आवरेना.

शेवटी मामांनीच तोडगा काढला. ते आत्यांना म्हणाले, "अगं, गाडीला स्टेपनी असती म्हणून काय पंक्चर होतंय व्हय?" आत्यांना गाडीतलं काही कळत नाही, पण मामांचं मशीनमधलं ज्ञान त्यांना मान्य. त्या म्हणाल्या, "करा काय करायचं ते. मला इचारू नका म्हंजे झालं."

पण विचारणारे त्यांनाच विचारणार होते. मॅडमनी सांगितलं होतं, की कंपनीचे डॉक्टर फोन करतील, दोघांनाही तब्येतीचं विचारतील, जे आहे ते मोकळेपणानं सांगा. तो फोन आला तेव्हा मी दुकानात होते.

संध्याकाळी घरी आले तर आत्या खुशीत. "तुह्या त्या डाक्टरणीचा फोन आला व्हता," त्या म्हणाल्या. "लई गुणाची पोरगी. सगळं इचारलं बिचारीनं."

"मग? काय सांगितलं?"

"बरं हाय म्हणलं."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? काय दुखणं हाय का म्हणली, म्हणलं देवाच्या दयेनं काय नाय. गोळ्या चालू हायत का म्हणली, म्हणलं नाय. बाळंतपणं किती झाली म्हणली, म्हणलं एक. बास. मग म्हणलं, तू जेवलीस का बाई? तर म्हणली, नाय अजून. म्हणलं, जेवून घे आधी."

मी मामांकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली. "मला म्हणाल्या, तुम्ही सांगा. आता ही समोर बसून डोळे वटारायली. म्हटलं, आमची मंडळी म्हणतात तेच."

आता यात आत्यांचं चुकलं तरी काय? आमच्याकडे कुणी विचारलं, कसं काय, तर अंगात ताप असला तरी माणूस 'बरं हाय' म्हणतो. परक्या माणसानं एवढ्या आपुलकीनं चौकशी करावी आणि आपण त्याच्यापुढं दुखण्याचं गाठोडं सोडावं, हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र माझं टाळकं सटकलं.

"आत्या, गोळ्यांनी डबा भरलाय तुमचा! बीपी तुम्हाला, साखर मामांना. हे लपवून विमा घ्यायचा म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं!"

आत्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी एका दमात दोन आजारांची नावं घेतली होती.

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे ना. सगळेच लपवतात. हप्ताही कमी बसेल."

"आणि उद्या दवाखान्यात जुनं बीपी निघालं तर? कंपनी म्हणेल, तुम्ही खोटं सांगितलं. मग तूच म्हणणार, बघ, हात वर केले. विश्वास नाही म्हणून लपवायचं, आणि लपवलं म्हणून विश्वास नाही. हे कुठवर चालायचं?"

मी मॅडमना फोन करून सांगितलं, की डॉक्टरांना पुन्हा बोलायला सांगा, माहिती चुकीची गेलीय. आणि आत्यांना सांगितलं, की या वेळी खरं सांगावं लागेल. आत्या म्हणाल्या, "मी नाय बोलणार." मग आमच्या दोघींचा अबोला सुरू झाला. भाजी काय करायची हेसुद्धा आम्ही मामांच्या मार्फत विचारू लागलो. मामा निरोप पोचवता पोचवता त्यात स्वतःच्या आवडीची भाजी घुसवायचे.

त्या दिवसांत आत्यांची आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात जायची. आमचं गारखेड्यातलं घर दुमजली आहे. गच्चीवर मामांच्या कुंड्या आहेत, बोगनवेल आहे. नळाला पाणी यायचा दिवस आला की मामा वरच्या टाकीकडे दहादा खालीवर करतात. आणि आत्यांनी हल्ली गहू निवडायला कुठं बसावं? जिन्याच्या मधल्या वळणावर. सूप मांडून, पाय पसरून. येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण. मामा वर निघाले की हमखास हाक मारायच्या, "अवो, थांबा जरा, हे गहू बगा बरं, खडे लईच हायत का?" मामा थांबायचे, पायरीवर बसायचे, मूठभर गहू हातात घेऊन उगाच न्याहाळायचे. मला वाटायचं, म्हातारपणी दोघांना गप्पांना जागा सापडलीय.

अबोल्याला कंटाळून एका दुपारी मीच त्या वळणावर त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सुपातले खडे वेचायला लागले. म्हटलं, "आत्या, नुसतं नाव घ्यायचंय हो. नाव घेतल्यानं कुणाला काय होतं?"

"व्हतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले. हात चालू होते.

"तुह्या नवऱ्याच्या आधी एक पोरगी व्हती मला. चालाय लागली व्हती. तिला ताप आला. उतरंचना. मी हापशावर शेजारणीला म्हणलं, पोरीचं काय खरं वाटंना मला. येवढंच म्हणलं. त्याच आठवड्यात गेली. सासू म्हणली, तुह्याच तोंडानं गेली."

एवढी वर्षं या घरात काढली, पण मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. घासलेली भांडी पुन्हा घासणारी बाई माझ्या डोळ्यांपुढं आली. नातीच्या तापाला भिऊन, आपल्या तोंडून काही निघू नये म्हणून ती तिकडे जाऊन बसायची. आणि मी म्हणत होते, माया बेतानंच दिलीय. मला रडू फुटलं. आत्यांचे डोळे मात्र कोरडे होते. त्या माझ्याकडे जरा नवलानं बघत होत्या.

मला शहाणपणाचं काही सुचलं नाही. जे तोंडात आलं ते बोलले. "आत्या, ताप आधी आला होता. तुम्ही नंतर बोललात."

त्यांचा हात थांबला.

"आणि तुम्ही बोललात ते बरोबरच बोललात. ऐकलं कुणी नाही. त्या शेजारणीनं ऐकून कुणाला गाडी जुंपायला सांगायचं होतं. तुमच्या सासूनं पोरीला उचलून दवाखान्यात न्यायचं होतं. तुम्हाला वाटलं ते तुम्ही सांगितलं. त्याहून आईनं करायचं तरी काय?"

मी रागानंच बोलत होते. कुणावर, ते मलाही कळत नव्हतं. ती सासू कधीच गेली होती, तो हापसाही गंजून गेला असेल. आत्यांनी सूप उचललं, दोनदा पाखडलं आणि म्हणाल्या, "यंदाचे गहू किडके निघाले." मी समजले, की विषय संपला. त्यांच्या भाषेत, वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात एका शालूला फॉल लावत होते, तर दारात रिक्षा थांबली आणि आत्या उतरल्या. एकट्या. आत्या दुकानात येतात त्या फक्त दसऱ्याला, पूजेला. आत आल्या, स्टुलावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मशीन बंद कर. लाव त्या पोरीला फोन."

'वाढव' नाही, 'बंद कर' म्हणाल्या. मी केलं.

मॅडमना सांगून डॉक्टरांचा फोन यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. फोन आला तसा मी आवाज मोठा करून तो काउंटरवर, टिकल्यांच्या पाकिटांजवळ ठेवला. तीच डॉक्टर होती. "बोला आजी," ती म्हणाली.

आत्यांनी आधी विचारलं, "जेवलीस का?" मग फोनकडे न बघता, देवाच्या फोटोकडे बघत बोलायला लागल्या. "मला बीपी हाय." तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. जपून उच्चारला त्यांनी, गरम भांडं फडक्यानं धरावं तसा. "सकाळी एक गोळी घेती मी. मह्या मालकाला साखर हाय." मग थांबल्या. मला वाटलं, झालं. मी फोनकडे हात नेला, तर त्यांनी माझा हात धरला.

"अन् आजून एक हाय," त्या म्हणाल्या. "त्यायला जिना चढताना छातीत दुखतंय. लई दिस झाले. मधीच थांबतेत अन् घाम येतो. कुणाला सांगत नायत. मला वाटलं मी बोलले तर..."

त्यांची पकड माझ्या मनगटावर इतकी घट्ट होती की बांगडी रुतत होती.

मला ते जिन्याचं वळण दिसलं. सूप, गहू, खडे. मामांना अर्ध्या जिन्यावर दम खायला थांबावं लागतं, हे त्यांना मान्य करायचं नव्हतं आणि आत्यांना बोलायचं नव्हतं. म्हणून आत्या तिथं गहू निवडत बसत होत्या, मामांना थांबायला कारण मिळावं म्हणून. हे किती महिने चाललं होतं कोण जाणे.

फोनवरची पोरगी म्हणाली, "आजी, विम्याचं नंतर बघू. त्यांना आजच दवाखान्यात दाखवा. आजच, बरं का."

मी त्या दिवशी भर दुपारी दुकान वाढवलं.

मामा दवाखान्यात शेवटपर्यंत म्हणत होते, "मला काय झालंय? मी तर बोगनवेल बघायला थांबत होतो." डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हाला आत बोलावून सांगितलं, की हृदयाच्या नळ्या बऱ्याच चोंदल्यात, वेळेवर आलात. स्टेंट टाकावे लागले. तिथल्याच एका नर्सनं सांगितलं, की सरकारी योजनेत हे बसतं, कागद आणा. 'सरकारी कार्डावर कसले उपचार देतात' असं म्हणणारा माझा नवरा रेशनकार्ड घेऊन पळत आला. उपचार नीट झाले. आत्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या स्वतः होऊन सांगत होत्या, "हार्टचं हाय. नळ्या बंद व्हत्या. उघडल्यात." लोक दचकत. ही बाई अशी कधी बोलायची नाही.

तर विम्यानं मामांना एक दमडी दिली नाही. उलट कंपनीनं कळवलं, की सध्या त्यांना विमा देता येणार नाही. चपलांच्या दुकानदारानं लगेच ऐकवलं, "बघा वहिनी, आला का कामाला तुमचा विमा?" मी म्हटलं, "आला." त्याला ते समजलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. कुणीतरी नीट विचारलं, म्हणून कुणीतरी खरं सांगितलं, आणि म्हणून मामा आज गच्चीत पाइप धरून उभे आहेत. पण तहान लागल्यावर विहीर खणायला गेलो होतो, हेही तितकंच खरं. मामा कारखान्यात होते, धडधाकट होते, तेव्हाच हे करायला हवं होतं.

आम्हा नवराबायकोचा आणि मुलीचा विमा मात्र सुरू झाला होता. पुढच्या पावसाळ्यात नवऱ्याला डेंगी झाला. प्लेटलेट भराभर उतरल्या, ॲडमिट करावं लागलं. काउंटरवर कार्ड दिलं आणि वाट बघत बसले. मंजुरी यायला इतका वेळ लागला, की सलाइन लावलेल्या हातानं नवरा मला मेसेज करत होता, 'केले ना हात वर?' संध्याकाळी मंजुरी आली. घरी सोडताना हातमोजे आणि असल्याच किरकोळ वस्तूंचे पैसे आम्हाला भरावे लागले, त्यावर तो रिक्षात बसेपर्यंत कुरकुरत होता. मी ऐकून घेतलं. रिक्षा क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबली तेव्हा सहज माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. लग्नात घातलेल्या पाटल्या जिथल्या तिथं होत्या. मला माझी आई आठवली. आज ती असती तर तिला फोन केला असता. काय सांगितलं असतं कोण जाणे. बहुतेक एवढंच, की आई, काही विकलं नाही.

नवरा बरा झाला, दिवाळी झाली, आणि एका सकाळी चहा घेता घेता आत्याच म्हणाल्या, "महा राहिलाच की गं."

"काय राहिला?"

"विमा. मालकाचं दुखणं बरं झालं, तुमचं झालं. महं कुणीच बघंना."

मामा हसून म्हणाले, "आता काय, आजाराला आवतन देतीस व्हय?"

"तो काय आवतनाची वाट बघतोय?" आत्या म्हणाल्या. "न बोलवताच आला व्हता की मागं."

या वेळी कंपनीनं सांगितलं, की आजींची प्रत्यक्ष तपासणी होईल. मी त्यांना घेऊन गेले. पहिल्या मजल्यावरची लहानशी लॅब, भिंतीवर दातांच्या चित्रांचं एक जुनं कॅलेंडर. रक्त दिलं, छातीला वायरी लावून झाल्या, मग एक तरुण डॉक्टरबाई समोर बसून एकेक विचारायला लागल्या. आत्यांनी सगळं सांगितलं. बीपी सांगितलं, गुडघे सांगितले, मोतीबिंदू सांगितला, लहानपणी विंचू चावला होता तेही सांगितलं. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "आजी, एवढं खरं कुणी सांगत नाही हो." आत्यांनी माझ्याकडे बघून मान उडवली, बघ म्हणून.

"बाळंतपणं किती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी आत्यांकडे पाहिलं नाही. समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"दोन," आत्या म्हणाल्या.

"दोघं ठीक आहेत ना?"

"ल्योक दुकानात हाय. थोरली पोरगी गेली. ताप आला व्हता. चालाय लागली व्हती नुकतीच." आणि मग, कुणीही विचारलेलं नसताना, त्यांनी तिचं नाव सांगितलं.

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांना ते नाव नको होतं, त्यांच्या कागदावर त्याला जागाही नव्हती. मी ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते मी इथं लिहीत नाही. एवढ्या वर्षांनी आत्यांनी ते स्वतःच्या तोंडानं घेतलं, आणि आता त्या ते रोज घेतात. जिना चढताना, गहू निवडताना, माझ्या मुलीला हाक मारताना चुकून. कुणाला काही होत नाही.